‘माझ्याकडे आहे’ : एका साध्या इंग्रजी वाक्यरचनेचा मराठीतील वावर

१

मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाची चर्चा नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली ती १८७४ मध्ये, आणि तिच्या आरंभीच मराठीच्या तत्कालीन स्थितीचा विचार होता. पुढे सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ झाली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय आले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. या सर्व प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे. तथापि, त्यांच्यामुळे एक समजूत सार्वत्रिक झाली. भाषेवरील परकीय प्रभाव म्हणजे परकीय शब्द, आणि तो दूर करणे म्हणजे त्या शब्दांच्या जागी स्वकीय शब्द बसवणे, ही ती समजूत होय. विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेतील ‘टेन्शन’, ‘फोकस’ असे शब्द तांबड्या शाईने अधोरेखित होतात. वाक्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘मला उद्या लेक्चर आहे’ हे एक, आणि ‘माझ्याकडे एक शंका आहे’ हे दुसरे. शब्दांची झडती घेणारा परीक्षक पहिल्या वाक्याला दोषी ठरवील आणि दुसऱ्याला निर्दोष सोडील. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पहिल्या वाक्यातील एक नाम इंग्रजी आहे. पण ते नाम वाक्यात ज्या रीतीने बसले आहे ती रीत पूर्णपणे मराठी आहे. दुसऱ्या वाक्यातील एकही शब्द परका नाही. परका आहे तो त्या वाक्याचा साचा. ‘मला एक शंका आहे’ हे मराठी. ‘माझ्याकडे एक शंका आहे’ हे ‘आय हॅव अ डाउट’ या वाक्याने मराठी शब्द पांघरून घेतलेले रूप.

‘कर्ता, हॅव आणि वस्तू’ ही इंग्रजीतील अगदी प्राथमिक, पहिल्या पुस्तकातच भेटणारी वाक्यरचना आहे. ती मराठीच्या दैनंदिन व्यवहारात कशी शिरली, शिरताना तिने कोणत्या मराठी रचनांना बाजूला सारले आणि त्यामुळे नेमके काय हरवते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

इंग्रजीतील ‘हॅव’ हे क्रियापद व्युत्पत्तीने ‘पकडणे, धरणे’ या अर्थाशी जोडलेले आहे. लॅटिनमधील ‘हाबेरे’ हे त्याचे सख्खे भावंड असावे असे दिसण्यावरून वाटते. परंतु भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते ‘कापेरे’ म्हणजे ‘हस्तगत करणे’ या क्रियापदाशी जोडतात. हाताने धरण्याचा हा मूळ अर्थ कालांतराने विरला आणि क्रियापद सर्वसमावेशक झाले. आज इंग्रजी बोलणाऱ्याला पुस्तक ‘असते’, ताप ‘असतो’, भाऊ ‘असतात’, कर्ज ‘असते’, धैर्य ‘असते’, वेळ ‘असतो’ आणि खोलीला खिडक्या ‘असतात’, तेव्हा या सर्वांसाठी एकच वाक्य पुरते. ज्याला आहे तो कर्ता, जे आहे ते कर्म, आणि मध्ये ‘हॅव’. कर्त्याचे आणि त्या वस्तूचे नाते मालकीचे की रक्ताचे, भोगाचे की योगायोगाचे, हे वाक्य सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने नामावरून ताडावयाचे असते.

ही रचना जगातील भाषांचा सामान्य नियम नव्हे. एमील बेनवेनिस्त यांनी १९६० मध्ये ‘असणे’ आणि ‘हॅव’ यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना दाखवून दिले, की ‘मला आहे’ या अर्थाची रचनाच अधिक व्यापक आहे. ‘हॅव’सारखे क्रियापद हा अनेक भाषांतील उत्तरकालीन विकास होय. जुन्या लॅटिनमध्ये ‘मिही एस्त’ म्हणजे ‘मला आहे’ अशी रचना होती. तिची जागा पुढे ‘हाबेओ’ने घेतली. रशियन भाषा आजही ‘माझ्यापाशी आहे’ अशाच वळणाने बोलते. संस्कृतमध्ये ‘मम’ म्हणून ‘अस्ति’ म्हटले की काम भागते. ‘धनवान’, ‘बुद्धिमान’ यांतील प्रत्ययाचा अर्थ सांगताना पाणिनीनेही ‘ते त्याचे आहे’ किंवा ‘ते त्यात आहे’ असे दोनच पर्याय दिले. धारण करणाऱ्या कर्त्याची त्याला गरज पडली नाही.

मराठी याच कुळातील आहे. ‘हॅव’ला प्रतिशब्द म्हणता येईल असे क्रियापद मराठीत नाही. टिळकांच्या स्वराज्यविषयक घोषणेचे प्रचलित इंग्रजी रूप ‘आय शॅल हॅव इट’ असे संपते. मराठी रूप ‘तो मी मिळवणारच’ असे संपते. इंग्रजीला जेथे ‘हॅव’ पुरले, तेथे मराठीला प्रयत्नाचे क्रियापद योजावे लागले. त्याने अर्थ दुबळा झाला नाही, उलट धारदार झाला. पण ‘हॅव’ नाही याचा अर्थ मराठीला ‘जवळ असणे’ सांगता येत नाही असा नव्हे. मराठी ते एका क्रियापदाने न सांगता विभक्तींनी आणि शब्दयोगी अव्ययांनी सांगते, आणि म्हणूनच पुष्कळ अधिक सांगते.

३

ही व्यवस्था थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण मराठी माणूस ती इतक्या सहजपणे वापरतो की ती व्यवस्था आहे याचे त्याला भान नसते.

रक्ताच्या नात्यांसाठी मराठी चतुर्थी वापरते : ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘तिला एक मुलगी आहे’. येथे हिंदीची वाट निराळी आहे. हिंदी ‘मेरे दो भाई हैं’ असे षष्ठीने म्हणते. कन्नड मात्र ‘ननगे’ अशी चतुर्थीच योजते. म्हणजे या एका वाक्यातही मराठीचे भौगोलिक स्थान, उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवरचे, उमटलेले आहे. कॉलिन मसिका यांनी १९७६ मध्ये दक्षिण आशियाकडे एक भाषिक क्षेत्र म्हणून पाहिले, त्या क्षेत्राच्या ठळक लक्षणांत या चतुर्थीयुक्त रचनांचा समावेश होतो.

अवयव आणि अवयवी यांचे नातेही चतुर्थीने व्यक्त होते : ‘गाईला शिंगे असतात’, ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’, ‘त्याला दाढी आहे’. जे माणसावर येते, ओढवते किंवा त्याला जाणवते, तेही चतुर्थीनेच : ‘मला ताप आहे’, ‘तिला घाई आहे’, ‘त्याला गाण्याची आवड आहे’, ‘मला कल्पना नाही’, ‘मला रजा आहे’. या वाक्यांत क्रियापद ‘मी’च्या मागे जात नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ यात ‘आहेत’ हे बहुवचन भावांचे आहे. व्याकरणदृष्ट्या भाऊ हेच वाक्याचे धनी. ‘मी’ हा त्यांच्या असण्याचा संबंधी. आधुनिक भाषाविज्ञान या ‘मला’लाही कर्त्याचे काही गुण असल्याचे दाखवते. ‘मला आपले गाव आवडते’ यात ‘आपले’ हा शब्द ‘मला’कडेच वळतो. तरीही हा कर्ता सत्ता गाजवणारा नाही. तो अनुभव घेणारा आहे.

स्वामित्वासाठी षष्ठी आहे : ‘त्याचे बाजारात दुकान आहे’, ‘त्यांचा वाडा आहे’. गुणासाठी सप्तमी किंवा तिची कार्ये करणारे शब्द आहेत : ‘त्याच्यात हिंमत आहे’, ‘तिच्या अंगी कला आहे’, ‘त्यांच्या ठायी करुणा आहे’. जे ओझे आहे ते अंगावर असते : ‘माझ्यावर कर्ज आहे’, ‘त्यांचे माझ्यावर उपकार आहेत’, ‘घराची जबाबदारी तिच्यावर आहे’. तात्पुरत्या सान्निध्यासाठी ‘जवळ’ आणि ‘पाशी’ आहेत : ‘आत्ता माझ्याजवळ सुटे पैसे नाहीत’. जमिनीच्या बाबतीत तर दोन रचना एकाच वेळी जिवंत आहेत. ‘त्यांना पाच एकर जमीन आहे’ असे गावात सहज म्हटले जाते. जमीन तेथे नात्यासारखी, वंशपरंपरेने लाभलेली. ‘त्यांच्या नावावर पाच एकर जमीन आहे’ असे म्हटले की बोलणारा सातबाऱ्यावर बोट ठेवतो.

याखेरीज वाक्प्रचारांची एक मोठी रांग आहे. अनुभव गाठीशी असतो, लेकरे पदरी असतात, दुःख नशिबी असते, सत्ता हाती असते, पुण्य पदरात असते, काम वाट्याला असते. इंग्रजीत या साऱ्यांना एकच ‘हॅव’ पुरेल. मराठीत प्रत्येक गोष्ट माणसाच्या देहावर, वस्त्रावर, कपाळावर किंवा कागदपत्रांत आपापल्या जागी बसलेली आहे. ‘माणसाला काय आहे’ एवढे सांगून मराठी थांबत नाही; ते ‘कोठे’ आहे हेही ती सांगते.

४

या व्यवस्थेत ‘कडे’ची नेमकी जागा कोणती? ‘कडे’ मुळात बाजू आणि दिशा दाखवते : ‘गावाकडे’, ‘उत्तरेकडे’. त्यातून घर आणि प्रदेश हे अर्थ निघतात : ‘आमच्याकडे परवा लग्न आहे’, ‘तुमच्याकडे या भाजीला काय म्हणतात?’ त्याच अर्थातून ताबा, हवाला, सुपूर्द असणे हा अर्थ येतो. ‘किल्ली माझ्याकडे आहे’ म्हणजे ती माझ्या ताब्यात आहे. ती माझी असेलच असे नाही.

स्वामित्व आणि ताबा यांतील हा भेद मराठीत किती पक्का आहे, हे उधारीच्या एका वाक्यावरून स्पष्ट होते. ‘त्याच्याकडे माझे पाचशे रुपये आहेत’ म्हणजे तो पाचशे रुपयांचा धनी आहे असा अर्थ कोणीही घेणार नाही. तो पाचशे रुपयांचा देणेकरी आहे. रुपये ‘त्याच्याकडे’ आहेत, पण ‘माझे’ आहेत. इंग्रजीचा साचा हे दोन पदर एका वाक्यात इतक्या सहज वेगळे ठेवू शकत नाही. राजकीय व्यवहारातील भाषाही येथे मार्मिक आहे. मंत्र्याकडे अर्थखाते ‘असते’. ते मंत्र्याचे नसते आणि मंत्र्याला नसते. आज दिलेले खाते उद्या काढून घेता येते, हे ‘कडे’ या दोन अक्षरांतच सांगितलेले आहे. ‘मला अधिकार आहे’ आणि ‘माझ्याकडे अधिकार आहेत’ यांतही हाच फरक आहे. पहिला हक्क व्यक्तीचा, दुसरे अधिकार पदाने सोपवलेले. भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात इंग्रजी पाठाने नागरिकांच्या संदर्भात ‘हॅव’ वापरले आहे. तोच आशय मराठीत सांगताना नागरिकांना हक्क आहेत असे म्हणावे लागते. नागरिकांकडे हक्क आहेत असे म्हटले तर ते कोणीतरी ठेवायला दिले आहेत असा ध्वनी निघतो.

‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ हे वाक्य म्हणूनच मराठीत चुकीचे नाही. त्याचा अर्थ वेगळा आहे. दोन भाऊ सध्या माझ्या घरी राहतात, त्यांचा सांभाळ माझ्याकडे आहे, असा तो अर्थ. हिंदीतील ‘पास’ हा शब्दही असाच ताब्याचा आणि सान्निध्याचा. १९७५ मधील ‘दीवार’ या चित्रपटात दोन भावांच्या सामन्याचा जो प्रसंग लोकांच्या स्मरणात राहिला, त्यात एक भाऊ आपली मालमत्ता मोजून दाखवतो आणि दुसरा ‘पास’ हाच शब्द योजून आईचा उल्लेख करतो. त्या संवादाचा सारा जोर व्याकरणात आहे. मालमत्तेसाठी वापरला जाणारा शब्द आईला लावला गेला, आणि आई खरोखरच त्या मुलाकडे राहत होती. आईसाठी ‘पास’ हा नेहमीचा शब्द असता तर त्या उत्तराला धार उरली नसती. वाक्यरचनांतील भेद जिवंत असतो तेव्हाच त्या भेदाचे उल्लंघन अर्थपूर्ण होते.

५

इंग्रजी साचा मराठीत शिरण्याचा मार्ग प्रामुख्याने शाळेतून गेला. इंग्रजीच्या पहिल्या इयत्तेत ‘आय हॅव’चा अर्थ ‘माझ्याकडे आहे’ असा सांगितला जातो. पुस्तक, पेन, चेंडू अशा हाती धरता येणाऱ्या वस्तूंपुरता तो अर्थ बिनचूक असतो. म्हणूनच तो पक्का बसतो. पुढच्या धड्यात ‘ब्रदर’ येतो, ‘फीव्हर’ येतो, ‘आयडिया’ येते. पाठ झालेले समीकरण मात्र बदलत नाही. जोवर इंग्रजी पाचवीपासून सुरू होत होती, तोवर मुलाची मराठी वाक्यरचना त्याआधीच स्थिरावलेली असे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली, आणि इंग्रजी माध्यमाचा प्रसार तर त्याहून व्यापक आहे. दोन्ही साचे आज एकाच वयात मनात उतरतात, आणि त्यांपैकी एकाला प्रतिष्ठा अधिक असते.

दुसरा मार्ग भाषांतराचा. वृत्तसंस्थांच्या बातम्या, जाहिराती, वस्तूंबरोबर येणारी माहितीपत्रके आणि आता यंत्राने केलेली भाषांतरे यांच्यापुढे इंग्रजी वाक्य समोर ठेवलेले असते. घाईत असलेला भाषांतरकार क्रियापदाला क्रियापद शोधतो. ‘हॅव’ दिसले की ‘कडे’ लिहून मोकळा होतो. ‘संघाकडे अनुभव आहे’, ‘सरकारकडे इच्छाशक्ती नाही’, ‘या शहराकडे मोठा इतिहास आहे’ अशी वाक्ये याच घाईतून जन्मतात. तिसरा मार्ग हिंदीचा. तेथेही ‘पास’चे क्षेत्र वाढत आहे, आणि चित्रवाणीच्या मराठीवर हिंदीची सावली असते. हे तीन मार्ग एकमेकांत मिसळलेले असल्याने एखादे विशिष्ट वाक्य नेमके कोठून आले हे सांगणे अवघड असते. दिशा मात्र एकच दिसते.

अशी घटना मराठीत प्रथमच घडते आहे असेही नाही. शालेय व्याकरणांत ‘नवीन कर्मणी’ किंवा ‘कर्मकर्तरी’ या नावाने जो प्रयोग शिकवला जातो, त्यातील ‘रामाकडून रावण मारला गेला’ ही रचना इंग्रजीच्या कर्मणी वळणावरून आली, हे ती व्याकरणेच सांगतात. ‘कड’ या मूळ शब्दावर इंग्रजी वाक्याचे ओझे तेव्हाही टाकले गेले होते. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून १९११ च्या मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठी वैयाकरणांना एका बाजूने संस्कृतच्या आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजीच्या चौकटीशी झगडत मराठीची स्वतःची रचना शोधावी लागली. ‘मला ताप आहे’ या वाक्यात कर्ता कोण, हा प्रश्न आजही वर्गात अडचणीचा ठरतो, कारण प्रश्न विचारणारी चौकट मराठीची नाही.

येथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. मराठीभाषक विद्यार्थी इंग्रजीत ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे लिहितो तेव्हा इंग्रजीचा प्राध्यापक त्याला तत्काळ थांबवतो. तोच विद्यार्थी मराठीत ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे लिहितो तेव्हा मराठीचा प्राध्यापक पुढच्या ओळीकडे वळतो. परक्या भाषेच्या वाक्यरचनेविषयी जी दक्षता सहज पाळली जाते, ती स्वभाषेच्या वाट्याला येत नाही.

६

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की भाषा बदलतच असते. लॅटिनने ‘मिही एस्त’ सोडले म्हणून रोमान्स भाषा दरिद्री झाल्या नाहीत. दुसरा असा, की ‘कडे’चा विस्तार हा सर्वस्वी इंग्रजीचा परिणाम मानता येणार नाही, ‘वैद्याकडे उपाय आहे’ असे मराठी माणूस नेहमीच म्हणत आला. हे दोन्ही मुद्दे मान्य केले पाहिजेत. ‘उपाय’ हा देता-घेता येतो, म्हणून तो ‘कडे’ शोभतो. ‘माझ्याकडे एक कविता आहे’ हे वाक्यही शुद्ध मराठी आहे. त्यात कविता कोणाचीही असू शकते, ती सध्या बोलणाऱ्याच्या संग्रही आहे एवढेच कळते. ‘माझी एक कविता आहे’ म्हटल्यावरच कवी समोर येतो. जे ठेवता येते, सोपवता येते, परत मागता येते, ते ‘कडे’ असावे, ही मराठीची जुनी आणि लवचीक कसोटी आहे. तिच्या कक्षेत नव्या गोष्टी येत राहतील. माहिती, पुरावे, आकडेवारी, पासवर्ड या साऱ्यांना ‘कडे’ उत्तम बसते.

आक्षेप घेण्याजोगी गोष्ट विस्तार ही नव्हे, सपाटीकरण ही आहे. एका रचनेचे क्षेत्र वाढताना शेजारच्या सात-आठ रचना निकामी होत असतील तर तो केवळ बदल राहत नाही. तो भेद करण्याच्या क्षमतेचा ऱ्हास असतो. ‘मला वेळ नाही’ आणि ‘माझ्याकडे वेळ नाही’ ही वाक्ये पाहावीत. पहिल्यात वेळ माणसाला मिळतो किंवा मिळत नाही. मराठीत वेळ ‘मिळतो’, ‘सापडतो’. दुसऱ्यात वेळ हा साठा आहे आणि तो संपलेला आहे. आधुनिक माणसाला ही दुसरी जाणीवही आहे, आणि ती सांगणारे वाक्य भाषेला मिळाले तर तो लाभच मानावा. मात्र पहिले वाक्य विस्मरणात गेले तर वेळेकडे साठा म्हणून पाहण्यापलीकडे दुसरी दृष्टीच भाषेत उरणार नाही. एरिक फ्रॉम यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टू हॅव ऑर टू बी?’ या ग्रंथात हीच खंत पाश्चात्त्य समाजाविषयी व्यक्त केली. माणूस ‘मी त्रस्त आहे’ असे न म्हणता ‘माझ्यापाशी समस्या आहे’ असे म्हणू लागतो, तेव्हा त्याचा अनुभवही त्याची मालमत्ता बनतो, असे त्यांचे निरीक्षण होते. ‘हॅव’ नसलेल्या भाषा त्यांनी आवर्जून लक्षात घेतल्या. मराठीला हे वेगळे वळण परंपरेनेच लाभले आहे.

याचा सामाजिक पैलूही दुर्लक्षणीय नाही. ‘तिला घर आहे’, ‘तिचे घर आहे’ आणि ‘तिच्या नावावर घर आहे’ ही तीन वाक्ये एकाच स्त्रीच्या बाबतीत एकाच वेळी खरी असतीलच असे नाही. पहिल्यात आसरा आहे, दुसऱ्यात आपलेपणा आहे, तिसऱ्यात कायदा आहे. असंख्य स्त्रियांच्या बाबतीत पहिले वाक्य खरे आणि तिसरे खोटे ठरत आले. शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा जमीन पत्नीच्या ‘नावावर’ करण्याचे आवाहन होते. घरातील स्त्रीला जमीन ‘आहे’ असे तोवर सर्वांनीच गृहीत धरले होते. ‘तिच्याकडे घर आहे’ या वाक्यात हे तीन प्रश्न विचारताच येत नाहीत. ज्या भाषेत अन्यायाची जागा दाखवण्यासाठी वेगवेगळे शब्द तयार आहेत, त्या भाषेने ते शब्द आपखुशीने टाकून देणे परवडणारे नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना तर हा प्रश्न अगदी जवळचा आहे. समकालीन समीक्षेत ‘या कवीकडे स्वतःची शैली आहे’, ‘लेखिकेकडे सूक्ष्म निरीक्षणशक्ती आहे’, ‘या कादंबरीकडे बोलीचे सामर्थ्य आहे’ अशी विधाने मुक्तपणे आढळतात. शैली कवी‘ची’ असते, निरीक्षणशक्ती लेखिकेच्या ‘ठायी’ असते, सामर्थ्य कादंबरी‘त’ असते. भारतीय काव्यशास्त्राने प्रतिभेला शक्ती मानले, ती कवीच्या ठायी वसते असे मानले. ‘कवीकडे प्रतिभा आहे’ असे लिहिले की प्रतिभा हे भांडवल होते आणि कवी तिचा धारक. समीक्षकाला असे म्हणावयाचे असेल तर त्याने ते जाणीवपूर्वक म्हणावे. कोणी सांगावे, बाजाराच्या काळात ते विधान एखाद्या कवीच्या बाबतीत अचूकही ठरेल. परंतु जेथे समीक्षकाला तसे म्हणावयाचे नसते, तेथे त्याच्या वतीने त्याचे वाक्यच ते म्हणून टाकते. विचार एक आणि वाक्यरचना दुसरी, अशी ही फारकत समीक्षेच्या मुळावर येणारी आहे.

७

यावर उपाय म्हणून आणखी एखादी शुद्धीकरणाची मोहीम सुचवणे निरर्थक होईल. रस्त्यावरच्या, घरातल्या बोलण्यावर पहारा बसवता येत नाही आणि बसवूही नये. शिवाय दैनंदिन बोलणे मानले जाते तितके दुबळे नाही. शहरातील तरुण मुले ‘मला टेन्शन आहे’, ‘मला मीटिंग आहे’, ‘तिला कॉन्फिडन्स नाही’ असे बोलतात, तेव्हा इंग्रजी नामे मराठी चतुर्थीपुढे मान तुकवून उभी असतात. ही मराठीच्या पचनशक्तीची खूण आहे. ज्यांच्या बोलण्यात शब्द सर्वाधिक परके, त्यांच्याच वाक्यांत पुष्कळदा रचना अस्सल राहते. उलट शुद्ध शब्दांनी सजलेल्या निवेदनात, संपादकीयात आणि प्रबंधात इंग्रजी साचा निर्वेधपणे नांदताना दिसतो. धोका आहे तो या प्रतिष्ठित, लिखित मराठीला, आणि तिची जबाबदारी विद्यापीठांच्या मराठी विभागांवर आहे. (ती विभागांकडे नाही, विभागांवर आहे.)

ती पार पाडण्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमात भाषांतराची अभ्यासपत्रिका जेथे आहे, तेथे शब्दांच्या पर्यायांइतकाच वेळ वाक्याच्या पर्यायांना द्यावा. ‘हॅव’ असलेली वीस इंग्रजी वाक्ये द्यावीत आणि एकदाही तीच मराठी रचना दोनदा न योजता त्यांची भाषांतरे मागावीत. ती करता आली तर मराठीची समृद्धी विद्यार्थ्याला व्याख्यानाविना उमगेल. करता आली नाहीत तर अध्यापनाची दिशा कळेल. शालेय पातळीवर ‘आय हॅव’चा एकच अर्थ न सांगता पुस्तक, भाऊ आणि ताप ही तीन उदाहरणे पहिल्या दिवशीच एकत्र द्यावीत. यात इंग्रजीचेही नुकसान नाही. आपल्या भाषेतील भेद ज्याला ठाऊक आहे, तो दुसऱ्या भाषेतील एकसारखेपणाही अधिक नेमकेपणाने शिकतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या बातमीचे मथळे मराठी वृत्तपत्रांनी चतुर्थीतच दिले : दर्जा ‘मराठीला’ मिळाला. ‘मराठीकडे दर्जा आला’ असे कोणास सुचले नाही. तेवढा भाषेचा कान अद्याप शाबूत आहे. परंतु अभिजातता म्हणजे केवळ जुने ग्रंथ आणि शिलालेख नव्हेत. आठशे वर्षे वाहत आलेले वाक्याचे वळण हाही त्या वारशाचाच भाग आहे. शिलालेख जपण्यासाठी शासनाचा निधी लागतो. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य जपण्यासाठी ते तसे म्हणत राहणे पुरेसे आहे.